रकूनसाठी पिंजरा कोणता घ्यावा आणि कसा बसवावा?

मळेकरी (ओहायो)

नमस्कार मंडळी,

आम्ही कोलंबसपासून तासाभराच्या अंतरावर राहतो. घरामागे थोडी जमीन आहे, तिच्यात स्वीट कॉर्न, भेंडी, वांगी आणि एका कोपऱ्यात कोंबड्यांचं खुराडं. मका चिकात आला रे आला की रकून (इकडचा मांजराहून मोठा, रात्री हिंडणारा प्राणी) हजर. ताट आडवं करायचं, कणीस सोलायचं, चार घास खायचे आणि पुढचं कणीस धरायचं. एका रात्रीत ओळीच्या ओळी झोपतात. आता मोर्चा खुराड्याकडे वळला आहे. परवा पहाटे कोंबड्यांचा कालवा ऐकून बाहेर गेलो, तर एक धटिंगण मागच्या पायांवर उभा राहून दाराची कडी चाचपत होता.

पिंजरा आणायचं नक्की केलं आहे. पण दुकानात ३२ इंची, ३६ इंची, एका दाराचे, दोन दारांचे असे कितीतरी प्रकार दिसले. शेजारीच नळकांड्यासारखे 'डॉग-प्रूफ' सापळे टांगलेले होते. आमच्याकडे लॅब्रेडॉर आहे आणि आसपास शेजाऱ्यांची मांजरं फिरतात, त्यामुळे भलताच जीव अडकायला नको. यातलं काय घ्यावं, कसं बसवावं, आमिष कोणतं ठेवावं, हे अनुभवी लोकांनी सविस्तर सांगावं.

पकडलेला रकून गाडीत घालून वीसेक मैलांवरच्या जंगलात सोडून यावा असं आम्हा दोघांच्या मनात आहे. जीव घ्यायची इच्छा नाही.

आयोवाकर

मळेकरी, तुमच्या शेवटच्या परिच्छेदापासून सुरुवात करतो, कारण पिंजऱ्याची निवड त्यावर ठरते.

ओहायोत रकून पकडून दुसरीकडे नेऊन सोडता येत नाही. उपद्रवी रकून पकडला तर त्याच जागेवर सोडायचा, नाहीतर त्याचे हाल न करता मारायचा, असा तिथला नियम आहे. स्कंक (घाण वासाचा फवारा मारणारा प्राणी), ओपॉसम, कोल्हे, कायोटी, बीव्हर यांनाही तोच. त्याला सबळ कारण आहे. १९७७ साली वेस्ट व्हर्जिनियात रकूनचा रेबीज आढळला. तोवर तो फ्लोरिडा आणि त्याच्या आसपासच्या राज्यांपुरता होता. शिकारीसाठी दक्षिणेतून रकून आणून सोडले गेले आणि त्यांच्यासोबत विषाणू वर आला. पुढे तो सगळ्या पूर्व किनाऱ्यावर पसरला आणि कॅनडात पोचला. तुमच्या ओहायोच्या पूर्व भागात सरकार विमानातून रेबीजच्या लशीची आमिषं टाकतं, ती हा आजार पश्चिमेला सरकू नये म्हणून. तुमच्या डिकीतून वीस मैल गेलेल्या रकूनच्या अंगात काय आहे हे बाहेरून कळत नाही.

त्यामुळे पैसे खर्च करायच्या आधी एक गोष्ट ठरवा: सकाळी पिंजऱ्यात रकून सापडला की त्याचं काय करणार? पोटमाळ्यातून किंवा शेडमधून त्याला बाहेर काढून भोक कायमचं बुजवायचं असेल, तर जागेवर सोडण्यात अर्थ आहे. मक्यात पकडून मक्यातच सोडण्यात काही अर्थ नाही, तो त्याच रात्री परत येईल. मारायचं असेल तर ते कोण करणार, कसं करणार, तुमच्या टाऊनशिपच्या हद्दीत बंदूक चालते का, हे आधी विचारून घ्या. स्वतःला जमणार नसेल तर उपद्रवी प्राणी पकडण्याचा परवाना असलेला माणूस गाठा, त्याच्याशी दिवस ठरवा आणि मगच पिंजरा लावा. माणूस मिळेपर्यंत पिंजऱ्यात उन्हात ताटकळणारा प्राणी मला बघवत नाही.

आता पिंजऱ्याबद्दल. इथल्या माझ्या शेजारी शेतकऱ्याकडून मी हे काम शिकलो. तो मला पहिल्यांदा सांगायचा ते हे, की पिंजरा महाग की स्वस्त याला फार महत्त्व नाही, तो हलतो का हे पाहा.

आकार किमान १० इंच रुंद, १२ इंच उंच आणि ३२ इंच लांब हवा. तुम्ही धटिंगण म्हणताय म्हणजे थोराड नर असावा, त्याला १२ बाय १२ बाय ३६ बरा. लांबी कशासाठी, तर पट्टीवर (आतल्या तळावरची, पाय पडला की दार पाडणारी) पाय पडेपर्यंत त्याचं बूड आणि शेपूट दाराच्या आत आलेली असायला हवी. आखूड पिंजऱ्यात दार पाठीवर पडतं, तो मागे सरकून निसटतो आणि पुन्हा पिंजऱ्याच्या वाऱ्यालाही उभा राहत नाही. तार जाड घ्या. सशा-खारींसाठी मिळणारे पातळ तारेचे पिंजरे रकून वाकवतो. उचलायच्या मुठीखाली पत्र्याची ढाल असलेला घ्या, नाहीतर उचलताना बोटं जाळीला टेकतात.

दाराचा खटका दुकानातच नीट बघा. बऱ्याच पिंजऱ्यांत दार पडलं की एक कडी आपल्या वजनानं खाली येऊन त्याला अडवते. पिंजरा उलटला की कडी उलट्या बाजूला पडते आणि दार मोकळं होतं. चांगल्या वजनाचा रकून आत धडपडून पिंजरा सहज उलथवतो. स्प्रिंगनं दाबून धरणारा खटका असेल तर उत्तम. नसेल तर पिंजरा उलटणारच नाही अशी बांधणी करा.

एक दार की दोन? तुमच्यासाठी एक. एका दाराच्या पिंजऱ्यात आमिष मागच्या टोकाला सुरक्षित राहतं. दोन दारांचा पिंजरा आरपार दिसतो, म्हणून बिचकणारा प्राणी त्यात लवकर शिरतो. कुंपणाच्या कडेनं ठरलेली पायवाट असेल किंवा शेडखालच्या बिळाच्या तोंडाशी लावायचा असेल तर तो उपयोगी. पण त्यात पट्टी मधोमध असते आणि शिरायला निम्मीच लांबी मिळते, म्हणून दोन दारांचा घ्यायचा तर ४२ इंची तरी घ्या.

बांधणी अशी. प्लायवूडची फळी घ्या, पिंजऱ्याच्या चारही बाजूंनी वीतभर बाहेर येईल एवढी. तिच्यावर पिंजरा यू आकाराच्या खिळ्यांनी ठोकून बसवा. फळीमुळे दोन गोष्टी साधतात. पिंजरा डुगडुगत नाही, आणि आत अडकलेला रकून जाळीतून हात घालून गवत, माती, मुळं आत ओढू शकत नाही. रकूनचे पुढचे पंजे फार हुशार असतात. हाताला लागेल ते तो आत ओढतो आणि त्याचा बोळा पट्टीखाली किंवा दारात अडकतो. फळी नसेल तर दोन्ही बाजूंना अर्ध्या इंची सळया दीड-दोन फूट खोल ठोका आणि तारेनं पिंजरा त्यांना आवळा. वर काँक्रीटचा ठोकळा ठेवा. मग आतल्या तळावर हातानं दाब द्या. जरा जरी हलला तर पुन्हा बसवा, कारण पुढचा पंजा टेकताच जमीन हलली की रकून मागे फिरतो. विजेच्या वायरी, पाण्याचे पाइप, घराचं साइडिंग आणि कुंड्या यांच्यापासून पिंजरा लांब ठेवा.

मागचा तिसरा हिस्सा बाहेरून अर्ध्या इंची जाळीनं मढवा. इकडे तिला हार्डवेअर क्लॉथ म्हणतात, रोलमध्ये मिळते. हे केलं नाही तर तो आत शिरायच्या भानगडीतच पडत नाही. बाहेर बसून जाळीतून हात घालतो आणि आमिष खाऊन निघून जातो. 'रकून फार चलाख आहे, पिंजरा चालत नाही' अशी तक्रार करणाऱ्या निम्म्या लोकांच्या पिंजऱ्याला ही जाळी नसते.

आमिष गोड ठेवा. मार्शमॅलो, द्राक्षाचा जॅम, मार्शमॅलोला थोडं पीनट बटर. मांजरांना गोड चवच कळत नाही, त्यामुळे शेजारची मांजरं फिरकत नाहीत. मासे किंवा कॅटफूड ठेवलंत तर पहिल्या रात्री मांजर आणि दुसऱ्या रात्री स्कंक. मार्शमॅलो पांढरा असल्यानं अंधारातही उठून दिसतो. एक दाराबाहेर, एक उंबऱ्याशी, एक पट्टीच्या अलीकडे आणि मोठा वाटा पट्टीच्या पलीकडे अगदी मागे. पट्टीवर काही ठेवू नका.

पहिल्या काही रात्री दार तारेनं उघडं बांधून ठेवा आणि त्याला निवांत खाऊ द्या. आत जायची सवय लागली की तार काढा. दिवस मावळताना मांडायचा, उजाडताच बघायचा, दिवसा बंद ठेवायचा. बऱ्याच राज्यांत दिवसातून एकदा बघणं कायद्यानं बंधनकारक आहे, पण उन्हाळ्यात तेवढ्यावर भागत नाही. सावलीत ठेवा, आणि रकून सापडला तर पिंजऱ्यावर जुनी चादर टाका. अंधार झाला की तो शांत बसतो.

टोरोंटोची ताई

आयोवाकरांनी छान लिहिलंय. मळेकरी, तुमचा मामला शेताचा आहे, पण हा धागा वाचणाऱ्या कितीतरी जणांच्या घरात रकून पोटमाळ्यावर असतील, म्हणून लिहिते.

मार्च ते जून पोटमाळ्यावर रकून असेल तर पिंजरा लावूच नका. ती बहुधा मादी असते आणि वर तिची पिल्लं असतात. एका वेळी साधारण तीन ते पाच होतात आणि आठ-दहा आठवडे ती घरटं सोडून नीट बाहेर पडू शकत नाहीत. आई पिंजऱ्यात अडकली की पिल्लं छतात उपाशी मरतात. मग वासानं घर सोडायची वेळ येते, आणि त्याहून वाईट म्हणजे आपण काय केलं ते मनातून जात नाही. आधी कान द्या. पिल्लांचा चिवचिवाट पक्ष्यांच्या किलबिलाटासारखा येतो.

आमच्या घरी आलेल्या माणसानं पिल्लं हातानं काढून छतावरच खोक्यात ठेवली, भोकावर एकेरी दार बसवलं आणि बाकीच्या सगळ्या फटी जाळीनं बंद केल्या. एकेरी दार म्हणजे बाहेर ढकललं की उघडतं, आत ढकलता येत नाही. आई रात्रीत एकेक करून पिल्लं दुसऱ्या बिळात घेऊन गेली. रकूनला अशी दोन-तीन बिळं माहीत असतातच. पिंजरा लागलाच नाही.

आमच्या ऑन्टारिओ प्रांतातला कायदाही सांगते. पकडलेला प्राणी २४ तासांच्या आत आणि पकडलेल्या जागेपासून १ किलोमीटरच्या आतच सोडायचा. २०१५ च्या डिसेंबरात हॅमिल्टनमध्ये रकूनचा रेबीज पुन्हा सापडला, तेव्हापासून तर याकडे फार काटेकोरपणे बघतात.

बॉस्टनकर

मॅसॅच्युसेट्समध्ये पायात अडकणारे सापळे चालत नाहीत. १९९६ साली मतदारांनीच तसा कौल दिला. इथे पिंजराच लावायचा, आणि प्राणी आपल्या आवाराबाहेर नेऊन सोडणं इथेही बेकायदा. दुसऱ्या राज्यातला व्हिडिओ बघून ऑनलाइन सापळा मागवू नका, आधी आपल्या राज्याच्या वन्यजीव खात्याची पानं वाचा.

मळेकरी (ओहायो)

सगळ्यांचे मनापासून आभार. वीस मैलांची कल्पना रद्द. रेबीजचा हा इतिहास आम्हाला माहीत नव्हता.

आयोवाकर, डॉग-प्रूफबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाहीत. दुकानदार त्याचीच शिफारस करत होता. आणि मक्यासाठी पिंजऱ्याव्यतिरिक्त काही उपाय आहे का?

आयोवाकर

आहे, आणि मक्यासाठी तोच आधी करा. विजेचं कुंपण. दोन तारा, पहिली जमिनीपासून ६ इंचांवर, दुसरी १२ इंचांवर. रकून खालून सरपटला तरी लागते आणि वरून चढायला गेला तरी लागते. कणसं चिकात येण्याच्या दोनेक आठवडे आधी चालू करा. एकदा गोडी लागली की तो झटका सोसूनही आत शिरतो. तारेखालचं गवत कापत राहा, ओलं गवत तारेला टेकलं की झटका जमिनीत जातो. रात्रभर चालू हवं.

ऑगस्टमध्ये पिंजरा लावण्याची आणखी एक अडचण आहे. तोवर पिल्लं आईसोबत हिंडायला लागलेली असतात. एका रात्री तुमच्या मक्यात येणारं ते सगळं कुटुंब असतं. एक पकडलात तरी बाकीचे येणारच.

आता डॉग-प्रूफ. हे सापळे मी हंगामात वापरतो, कातडीसाठी, परवान्यावर. मुठीएवढं लोखंडी नळकांडं असतं, तोंड सव्वा ते दीड इंचांचं. तळाशी आमिष, वर खटका. रकून पंजा आत घालून आमिष ओढायला जातो, खटका वर ओढला जातो आणि आतला दांडा पंजा धरून ठेवतो. कुत्र्याचा पाय त्या भोकात जात नाही आणि कुत्रा पंजानं धरून काही ओढत नाही, म्हणून हे नाव. पण दोन प्रकार आहेत. एकात खटका फक्त ओढल्यानं सुटतो, दुसऱ्यात ढकलल्यानंही सुटतो. दुसऱ्या प्रकारात कुत्र्यानं जीभ घातली तरी सुटू शकतो. घरात लॅब्रेडॉर असेल तर फक्त ओढीचाच घ्या. लॅब्रेडॉर खाण्याच्या वासावर कुठेही तोंड घालतो.

यात खरं काम साखळीचं आणि खुंटीचं आहे. साखळी आखूड, दीड ते दोन फूट, आणि तिला किमान दोन फिरकीच्या कड्या, म्हणजे स्विव्हल. एक सापळ्याजवळ आणि एक खुंटीजवळ. रकून गोल गोल फिरतो. फिरकी नसेल किंवा मातीनं जाम झाली असेल तर साखळीला पीळ बसतो आणि तो पीळ शेवटी पंज्यावर येतो. खुंटी अर्ध्या इंची सळईची, १८ ते २४ इंच लांब, डोक्याला नट वेल्ड केलेला, म्हणजे साखळी वरून निसटत नाही. ती पूर्ण जमिनीत जाईपर्यंत ठोकायची. भुसभुशीत किंवा वाळूच्या जमिनीत एक खुंटी पुरत नाही. तिथे दोन खुंट्या एकमेकींना छेद देतील अशा तिरप्या ठोकायच्या, किंवा केबलला लावलेला लोखंडी नांगर जमिनीत मारून वर ओढायचा, तो आडवा होऊन घट्ट बसतो.

आणि खुंटीभोवती साखळी पोचेल तेवढी जागा साफ हवी. झुडूप, कुंपणाची तार, पडकं लाकूड, काही नको. साखळी कशात गुंतली की प्राणी लटकतो किंवा पाय मुरगळतो. तोच नियम झाडाला बांधण्याबद्दल: फार सोयीचं वाटतं, पण रकून झाडावर चढतो आणि फांदीवरून खाली पडला तर काय होईल ते डोळ्यांपुढे आणा.

हे सगळं सांगून मळेकरी, तुम्हाला मात्र मी डॉग-प्रूफ घेऊ नका असंच म्हणेन. पकडलेला प्राणी त्यातून सुखरूप सोडणं नवख्या माणसाचं काम नाही. चवताळलेल्या रकूनजवळ जाऊन स्प्रिंग दाबावी लागते. पिंजऱ्यात मांजर सापडलं तर लांबूनच दार उघडता येतं. तुमच्या आवारात मांजरं आहेत, मुलं येत-जात असतील, तिथे पिंजराच हवा.

प्राणीवैद्य (पेनसिल्व्हेनिया)

मी इथे पशुवैद्यक म्हणून काम करते. डॉग-प्रूफमध्ये अडकलेला रकून जास्त वेळ राहिला तर स्वतःचा पंजा चावू शकतो. पंज्याला इतक्या संवेदना असलेला प्राणी तिथेच जायबंदी होतो, हे बघवत नाही. जो वापरतो त्यानं उजाडताच बघायला जायलाच हवं. आयोवाकर ते पाळतात हे त्यांच्या लिहिण्यावरून दिसतं.

आता सगळ्यांसाठी. रकून चावला किंवा ओरखडला तर जखम साबण-पाण्यानं १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. तो प्राणी सोडू नका. आरोग्य खात्याला कळवा. रेबीजची तपासणी मेंदूवर होते, म्हणून त्याला मारावं लागलं तरी डोक्याला इजा होऊ द्यायची नाही. दिवसा दिसला म्हणजे पिसाळलाच असं नाही, पिल्लं असलेली मादी भर दुपारीही खाणं शोधते. पण झोकांड्या खाणारा, माणसाला न घाबरणारा, तोंडातून लाळ गळणारा रकून दिसला तर पिंजऱ्याचा विचार सोडा आणि फोन करा. डिस्टेंपर या विषाणूच्या आजारातही अशीच लक्षणं दिसतात. तो माणसाला होत नाही, कुत्र्याला होतो. लॅब्रेडॉरच्या रेबीज, डिस्टेंपर आणि लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिसच्या) लशी वेळेवर आहेत ना, बघा.

दुसरी गोष्ट विष्ठा. रकून ठरलेल्या जागी घाण करतात: झाडाच्या बुंध्याशी, शेडच्या छपरावर, लाकडाच्या ढिगावर. तिच्यात एका गोलकृमीची अंडी असतात. ती माणसाच्या पोटात गेली तर अळ्या मेंदूत आणि डोळ्यांत शिरू शकतात. माती तोंडात घालणाऱ्या लहान मुलांना धोका सर्वांत जास्त. ताजी विष्ठा लगेच बाधत नाही, अंडी पिकायला दोन ते चार आठवडे लागतात, म्हणून दिसली की ताबडतोब हातमोजे आणि मास्क घालून काढा. ब्लीचनं ही अंडी मरत नाहीत. उकळतं पाणी ओता. वापरलेला पिंजरा आणि फळीही उकळत्या पाण्यानंच धुवायची.

आणि कृपा करून कुणीही पिंजरा पाण्याच्या पिंपात बुडवू नका. लोक सर्रास करतात. त्यात प्राणी गुदमरत, हाल होऊन मरतो. अमेरिकेतली पशुवैद्यकांची संघटना या पद्धतीला मान्यता देत नाही.

रानवाट

वाचताना फार त्रास झाला. आपण त्यांच्या जंगलात घरं बांधायची, गोड मका लावायचा आणि तो खाल्ला म्हणून त्यांना मारायचं. खुराडं मजबूत करा, कुंपण घाला, कचरा झाका, आणि तरी मका गेला तर गेला.

आयोवाकर

रानवाट, तुमच्या म्हणण्यातलं कुंपण आणि खुराडं मी शंभर टक्के मान्य करतो, आणि मळेकरींनी त्यापासूनच सुरुवात करावी. 'मका गेला तर गेला' हे मात्र ज्याचं पोट शेतीवर आहे त्याला म्हणता येत नाही. कोंबड्यांचं तसंच. रकून खुराड्यात शिरला तर एक खाऊन थांबत नाही. जाळीतून हात घालून जिवंत कोंबडीचं डोकं ओढून काढतो. त्या कोंबड्यांची जबाबदारीही आपणच घेतलेली असते. उपाय करूनही जो प्राणी हटत नाही, त्याच्यापुरता पिंजरा.

कासेलकर (जर्मनी)

आमच्याकडेही तोच प्राणी, पण इथे तो बाहेरून आणलेला. १९३४ साली एडरझे तलावाजवळ रकूनच्या दोन जोड्या सोडल्या. आज आमच्या कासेल शहरात ते गल्लोगल्ली आहेत. पावसाच्या पाइपवरून छपरावर चढतात. म्हणून इथे पाइपला गुळगुळीत पत्र्याचं रुंद वेष्टण घालतात, नखं रुतायला जागा राहत नाही. छपराला टेकलेल्या फांद्याही कापतात. युरोपीय संघात पाय पकडणारे दाती सापळे १९९५ पासून बंद आहेत, आणि पिंजराही सामान्य घरमालकाला मनाला येईल तसा लावता येत नाही. मळेकरी, शेडच्या पाइपला पत्रा लावून बघा, स्वस्त आणि टिकाऊ काम आहे.

बागायतदार (रत्नागिरी)

धागा वाचून एक विचारतो. आमच्याकडे कांडेचोर (उदमांजर) माळ्यावर धुडगूस घालतो. पिकलेले चिकू, पपया, काही ठेवत नाही. असा फळीवरचा पिंजरा गावच्या वेल्डरकडून करून घेतला तर चालेल का?

आयोवाकर

नाही, बागायतदार. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पकडणं, सापळा लावणं हेसुद्धा 'शिकार' या व्याख्येत येतं. कांडेचोराला स्वतः पिंजरा लावू नका. वन खात्याला कळवा, महाराष्ट्रात १९२६ हा त्यांचा फोन नंबर आहे. तोवर टोरोंटोच्या ताईंची पद्धत वापरा: तो रात्री बाहेर पडला की कौलांखालच्या फटी जाळीनं बंद करा, पण आधी वर पिल्लं नाहीत ना याची खात्री करून. छपरावर झुकलेल्या आंब्या-फणसाच्या फांद्या छाटल्यात तर निम्मा त्रास कमी होईल.

मळेकरी (ओहायो)

आमचं असं ठरलंय. या शनिवारी मक्याभोवती दोन तारांचं कुंपण. खुराड्याची कोंबडीजाळी काढून अर्ध्या इंची जाळी. ३६ इंची, एका दाराचा, स्प्रिंगच्या खटक्याचा पिंजरा मागवला आहे, पण तो परवानाधारक माणसाशी बोलणं झाल्याशिवाय मांडणार नाही. पिंजऱ्यावर नाव-पत्त्याची पट्टी लावणार आहे.

दोन शंका उरल्यात. पिंजऱ्यात स्कंक सापडला तर काय करायचं? आणि खुराड्याला कोणती कडी लावावी? सध्या साधी सरकवायची आहे.

आयोवाकर

स्कंकसाठी: मोठी जुनी चादर दोन्ही हातांनी स्वतःसमोर पडद्यासारखी धरा आणि हळू, न बोलता पुढे जा. चादर अलगद पिंजऱ्यावर टाका. अंधारात तो सहसा फवारत नाही. पाय आपटायला लागला किंवा शेपूट उभी केली तर जागीच थांबा, तो शांत झाला की पुढे. मग दाराकडची चादर वर करून दार उघडं अडकवा आणि लांब जा. तो आपला आपण निघून जातो, कधी तासभरही लावतो. कुत्रा तेवढा वेळ घरात.

सरकत्या कडीचा उपयोग नाही, रकून ती सहज उघडतो. दोन वेगवेगळ्या हालचाली लागतील अशी हवी. कडी-कोयंडा आणि त्यात दाबून उघडायचा, वर स्क्रूचा आटा असलेला कॅराबिनर. दाराच्या खालच्या कोपऱ्यालाही एक लावा, कारण वरची पक्की असली की तो खालचा कोपरा ओढून फट करतो. जाळी स्टेपलनं ठोकू नका, स्क्रू आणि वॉशर वापरा. आणि खुराड्याभोवती जमिनीवर बाहेरच्या बाजूला फूटभर रुंद जाळी आडवी पसरून तिच्यावर माती टाका, खणून येणाऱ्यांसाठी.

प्राणीवैद्य (पेनसिल्व्हेनिया)

आणि रात्री कोंबड्यांचं उरलेलं दाणा-पाणी खुराड्याबाहेर ठेवू नका. लॅब्रेडॉरचं ताटही घरात घ्या.